जिना, घुमट आणि न्हाणीघर

गेटवे ऑफ इंडियापाशी फोटो काढून देणाऱ्यांपासून ते पर्यटकांना मुंबई दाखवत फिरणाऱ्या गाइडपर्यंत अनेकांच्या तोंडी एक गोष्ट असते. ताजमहाल हॉटेलचा आराखडा काढणारा इंग्रज वास्तुविशारद नकाशे सोपवून मायदेशी गेला. परत येऊन पाहतो तर इमारत उलटी उभी. दर्शनी बाजू शहराकडे आणि पाठ समुद्राकडे. त्या धक्क्याने त्याने म्हणे वरून उडी घेतली. गोष्ट ऐकायला चांगली आहे, पण ती खरी नाही.

ताजचा मूळ आराखडा इंग्रज माणसाचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा. व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं चाललं. त्या कामावर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या हाताखाली वैद्य सहायक अभियंता होते. ताजचं काम १८९८ साली सुरू झालं आणि १९०० साली वैद्य वारले. उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने पुरं केलं. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचं. मधला तो प्रसिद्ध अधांतरी जिनाही त्यांच्याच डोक्यातून उतरलेला. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडलं. उलट्या इमारतीचा धक्का बसायला वैद्य तेव्हा हयातच नव्हते.

दिशाही चुकलेली नव्हती. इमारत घोड्याच्या नालेसारखी आहे. नालेची उघडी बाजू शहराकडे, पश्चिमेला. घोडागाड्या शहरातून येणार, त्या पुढच्या बागेत वळणार, पाहुणे तिथे उतरणार, आणि पश्चिमेचा वारा दोन्ही पंखांच्या मधे येणार, अशी ती मांडणी. समुद्राकडे गाडी थांबवण्याजोगं दारच नको होतं, तिथे खोल्या हव्या होत्या. शिवाय ताजने ज्याच्याकडे पाठ केली असं म्हणतात ते गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतंच. त्याचं उद्घाटन १९२४ चं.

या दंतकथेचा मला राग येतो तो एवढ्यासाठी, की तिने एका मराठी माणसाच्या जागी बिननावाचा साहेब आणून बसवला आणि वर त्याच्या शहाणपणाला चूक ठरवलं. जुन्या वास्तूचं जतन करायचं म्हटलं की आपण लाकूड, दगड, झुंबरं यांच्याविषयी बोलतो. ती वास्तू कोणी आणि कशासाठी तशी केली हे विसरून नुसता दगड जपला, तर काय जपलं हा प्रश्न उरतोच.

मी शिक्षणाने इतिहासकार नाही. जवळजवळ तीस वर्षं नळकाम आणि सांडपाण्याची कामं घेणाऱ्या कंत्राटदाराकडे मोजमापं घेणं आणि अंदाजपत्रकं करणं ही माझी नोकरी. इतिहास वाचला तो रात्री, ग्रंथालयांत आणि रद्दीच्या दुकानांत. त्यामुळे जुन्या इमारतीत शिरलो की माझं लक्ष कमानींकडे नंतर जातं. आधी मी पाणी कुठून चढवलंय आणि कुठून उतरवलंय ते शोधतो. ही सवय विद्वत्तेची नसेल, पण जुन्या आलिशान हॉटेलांचं भवितव्य समजून घ्यायला ती मला फार उपयोगी पडली आहे. अशी हॉटेलं बहुतेकदा जिन्यासाठी आणि घुमटासाठी जपली जातात, आणि बहुतेकदा मरतात ती न्हाणीघरामुळे.

ताज उघडलं तेव्हा खोलीचं भाडं दिवसाला १० रुपये होतं. पंखा आणि खोलीला जोडलेलं न्हाणीघर हवं असेल तर १३ रुपये. पहिल्या दिवशी पाहुणे सतरा. मला या हिशेबात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. पंखा आणि न्हाणीघर ही तेव्हा वेगळे पैसे देऊन घ्यायची चैन होती. विजेचे दिवे, जर्मनीहून आणलेल्या लिफ्ट, तुर्की पद्धतीची स्नानगृहं, बर्फ आणि सोडा बनवण्याची यंत्रं, धुलाईची यंत्रं असं सगळं जमशेटजी टाटांनी देशोदेशींहून जमवलं होतं. पॅरिसहून त्यांनी लोखंडी खांब आणले, ते नाचघराचं छत तोलायला लागले. म्हणजे १९०३ साली लोक ताजकडे बघायचे ते 'वारसा' म्हणून नव्हे. शहरातली सगळ्यात नवी, सगळ्यात यांत्रिक इमारत म्हणून बघायचे. जमशेटजींना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून सूडापोटी त्यांनी ताज बांधलं, ही आणखी एक आवडती कथा. तिला आधार फारसा नाही. १८९६ च्या प्लेगने खचलेल्या शहरात परदेशी माणूस पुन्हा यावा असं काहीतरी त्यांना उभारायचं होतं, हे कारण मला जास्त पटतं. जमशेटजी पुढच्याच मे महिन्यात जर्मनीत वारले. त्यांना हे हॉटेल जेमतेम काही महिने बघायला मिळालं.

मग अशा हॉटेलचं 'मूळ रूप' म्हणजे काय? त्याचा मूळ स्वभावच नवं आणण्याचा असेल, तर पंखा काढून वातानुकूलन बसवणं हा त्या स्वभावाचा भंग की त्याचंच पालन?

ताजने आपलं रूप अनेकदा बदललं. पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचं इस्पितळ होतं. १९३३ साली हार्बर बार सुरू झाला, त्याचा परवाना मुंबईतला पहिल्या क्रमांकाचा. तीस-चाळीसच्या दशकांत नाचघरात जॅझ घुमला. त्या वाद्यवृंदांत गोव्याची माणसं होती, त्यांतले ट्रम्पेट वाजवणारे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. स्वातंत्र्यानंतर मात्र इमारत थकली. मोठी दुरुस्ती झाली ती अजित केरकरांच्या काळात. १९७३ साली मूळ इमारतीच्या उत्तरेला मेल्टन बेकर यांनी आखलेला मनोरा उघडला. तो मनोरा ज्या जागेवर आहे तिथे ग्रीन्स हॉटेल होतं. ते ताजच्याच मालकीचं, पण ताजइतकं सोवळं नसलेलं, खलाशांना आणि मध्यम खिशाच्या माणसांनाही सामावणारं. एका जुन्या हॉटेलला जगवण्यासाठी दुसरं जुनं हॉटेल पाडलं, आणि त्याबद्दल कोणी हळहळलं असेल तर ते फार ऐकू आलं नाही.

मनोरा मला आवडत नाही. बंदरातून बोटीने येताना वैद्यांच्या घुमटाशेजारी तो उगाच खांदा लावून उभा असल्यासारखा दिसतो. पण अंदाजपत्रक करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर जुन्या ताजचं रूप वाचायला त्याचा मोठा हातभार आहे. नव्या काळाला लागणाऱ्या शेकडो खोल्या, रुंद लॉबी, गाड्या लागायचा पोर्च असा सगळा भार मनोऱ्याने उचलला. तो नसता, तर त्याच खोल्या जुन्या इमारतीच्या आत मजल्यांत मजले घालून काढल्या गेल्या असत्या. आज ताजला गेलेला बहुतेक माणूस मनोऱ्याच्या बाजूने आत शिरतो आणि मग डावीकडे वळून जुन्या वास्तूत जातो. जिथे घोडागाड्या वळत होत्या तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. लोक म्हणतात हॉटेल उलटं बांधलं. उलटं बांधलं नव्हतं, नंतर उलटं वापरायला घेतलं.

आणखी एक गोष्ट त्याच काळातली. आज ताजच्या जुन्या पंखात जे 'पुराणं' वाटतं, म्हणजे कोरीव फर्निचर, जुन्या तसबिरी, दालनांतल्या कलावस्तू, त्यातलं पुष्कळसं १९०३ चं नाही. एलिझाबेथ केरकर यांनी अंतर्गत सजावटीचं काम हाती घेतलं त्या दशकांत ते जमत गेलं. गायतोंडे, हुसेन यांच्यासारख्या तेव्हाच्या चित्रकारांची कामंही हॉटेलच्या संग्रहात आली. जमशेटजींनी यंत्रं जमवली, सत्तरच्या दशकाने जुनेपण जमवलं. मला यात काही खोटेपणा दिसत नाही. फक्त 'मूळ' हा शब्द वापरताना आपण नेमक्या कोणत्या सालाबद्दल बोलतोय ते सांगावं, एवढीच अपेक्षा. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलने ते स्पष्ट सांगितलं. १९८९ साली ते दुरुस्तीसाठी बंद झालं आणि १९९१ साली उघडलं, तेव्हा त्यांनी १९१५ चं रूप परत आणायचं ठरवलं होतं. त्यासाठी नंतरच्या काळात समोर वाढवलेलं नाचघर पाडलं. त्या नाचघरात ज्यांचं तारुण्य गेलं त्यांच्या लेखी मूळ रॅफल्स तेच होतं. पण निदान साल ठरवून काम केलं.

आता न्हाणीघराकडे येतो. त्यासाठी थोडं लंडनला जावं लागेल, पण रस्ता काळा घोड्यावरून आहे.

काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन नावाची लोखंडी इमारत आहे. तेच जुनं वॉटसन हॉटेल. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये ओतून, बोटीने आणून १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला. मार्क ट्वेन त्याच वर्षी इथे उतरला होता आणि सज्जातल्या कावळ्यांनी त्याला बेजार केलं होतं. वॉटसनपासून पाच मिनिटं चाललं की मुंबई विद्यापीठ. तिथला दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता आखले.

हेच दोघे, ऑर्डिश आणि स्कॉट, त्याच दशकात लंडनला सेंट पँक्रस स्टेशनात एकमेकांशेजारी भेटतात. फलाटांवरच्या प्रचंड लोखंडी छताच्या कामात विल्यम बार्लोला ऑर्डिशने साहाय्य केलं, आणि स्टेशनाच्या पुढ्यात स्कॉटने मिडलँड ग्रँड हॉटेल बांधलं. ते १८७३ साली उघडलं. विटांचं, कळसांचं, आत दुहेरी भव्य जिना. त्या काळी आगीचं भय मोठं, म्हणून मजल्यांची जमीन अग्निरोधक, भरीव आणि जाड केली. तेव्हा प्रत्येक खोलीत पाणी नोकर बादलीने आणत, अंघोळ पत्र्याच्या टबात. पुढे विसाव्या शतकात प्रत्येक पाहुण्याला खोलीला लागून न्हाणीघर हवं झालं, आणि त्या भरीव जमिनींतून पाइप नेणं परवडेना. १९३५ साली हॉटेल बंद पडलं. इतकी देखणी इमारत मोरी काढता आली नाही म्हणून गेली! मग तिथे रेल्वेची कचेरी. साठच्या दशकात ती पाडायचं घाटत होतं. कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी आवाज उठवला आणि १९६७ साली तिला सर्वोच्च श्रेणीचं संरक्षण मिळालं. पुन्हा हॉटेल म्हणून उघडायला २०११ साल उजाडलं. आणि तेव्हाही बहुतेक खोल्या मागे नव्याने बांधलेल्या पंखात काढल्या, जुन्या इमारतीत मोजकी दालनं ठेवली आणि वरच्या मजल्यांची घरं करून विकली. ताजच्या मनोऱ्याने जे केलं तेच तिथे या नव्या पंखाने केलं.

या पार्श्वभूमीवर २६ नोव्हेंबर २००८ नंतरचं काम बघायला हवं. त्या तीन दिवसांत ताजमध्ये ३१ माणसं मारली गेली. वरचे मजले जळाले, घुमटाखालच्या ज्वाला साऱ्या जगाने पाहिल्या. मनोरा २१ डिसेंबरला, महिन्याभरात पुन्हा सुरू झाला. जुनी वास्तू मात्र १५ ऑगस्ट २०१० रोजी उघडली.

लोकांना वाटतं आगीनंतरचं काम म्हणजे जळकं काढायचं आणि नवं लावायचं. तसं नसतं. जुन्या दगडी आणि चुन्याच्या इमारतीत आगीइतकंच नुकसान आग विझवणारं पाणी करतं. तापलेल्या दगडावर गार पाणी पडलं की त्याचे पापुद्रे सुटतात. गिलावा पाणी पितो आणि महिनोन् महिने ओल सोडत राहतो. समुद्रकाठी त्या ओलीबरोबर खार बाहेर येतो, भिंतीला लोणा लागतो. तिथे घाईने सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आतच कोंडते आणि दोन पावसाळ्यांत दगडच भुसभुशीत होतो. जुने गवंडी चुना घाणीत मळत, त्यात गुळाचं, हिरड्याचं, बेलफळाचं पाणी घालत. तो चुना सावकाश धरतो, पण भिंतीला श्वास घेऊ देतो. लोखंडाचं दुखणं वेगळंच. गंजताना ते फुगतं आणि भोवतीचा दगड फोडतं. म्हणून अशा दुरुस्तीत सगळ्यात महाग गोष्ट संगमरवर नसते, वाट बघणं असते. हॉटेलवाल्याला प्रत्येक बंद खोली रोज खर्चात घालते, त्यामुळे वाट बघणं त्याला सगळ्यात जड जातं. ताजने दीड वर्षाहून जास्त काळ ती वाट पाहिली. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

जिना वाचला. सोराबजींचा जिना. अशा जिन्याची प्रत्येक दगडी पायरी एका टोकाने भिंतीत रुतलेली असते आणि उरलेला भार खालच्या पायरीवर टेकवते. मधे खांब नाही, म्हणून तो अधांतरी वाटतो. त्यातली एक पायरी तडकली तर वरच्या सगळ्यांचा हिशेब बिघडतो. शिवाय आजचे अग्निशमनाचे नियम पाहिले तर तळापासून घुमटापर्यंत मोकळा असा जिना कोणी नव्याने बांधू देणार नाही, कारण धूर त्यातून धुराड्यासारखा चढतो. नवं हॉटेल असतं तर तो बंदिस्त करावा लागला असता. इथे मोकळेपण ठेवायचं तर सुटकेचे जिने, धूर ओळखणारी यंत्रं, पाण्याचे फवारे, आगीला अडवणारी दारं अशी सगळी व्यवस्था दुसरीकडे, नजरेआड करावी लागते. जिना पाहून माणसं हळहळली, आनंदली. त्याला जागेवर ठेवण्यासाठी भिंतींआड जे पाइप आणि तारा धावतात त्यांच्याकडे बघायला कोण जातो?

त्या जिन्याखाली उभं राहून वर घुमटाकडे पाहिलं की मला नेहमी व्हीटी आठवतं. तिथेही घुमट भव्य जिन्याच्या डोक्यावर आहे. माणूस चढत जातो आणि उजेड वरून उतरतो. स्टीव्हन्सच्या हाताखाली दहा वर्षं त्या कामावर काढलेल्या माणसाने ताजच्या मध्यभागी तसाच घुमट कल्पावा, हा मला योगायोग वाटत नाही. हा माझा तर्क आहे, आणि तो मी तर्क म्हणूनच मांडतो. पण व्हीटीच्या घुमटाखाली एकदा उभं राहून मग ताजला जावं. पुस्तकात न सापडणारं काहीतरी मानेला कळतं.

राहता राहिलं वॉटसन. १९९५ पासून मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियम आहेत. देशात असे नियम करणारं मुंबई पहिलं शहर. त्यांत वॉटसनची श्रेणी दोन-अ आहे, म्हणजे बाह्यरूपाला हात लावायचा नाही, आत गरजेपुरते बदल चालतील. कागदावर याहून सोयीची श्रेणी हॉटेलसाठी नाही. प्रत्यक्षात हॉटेल बंद पडल्यावर दालनांचे गाळे पडले. समोर न्यायालय असल्याने वकिलांच्या कचेऱ्या आल्या. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, त्यामुळे दुरुस्ती मालकाला परवडेना आणि सोडून जाणं भाडेकरूला परवडेना. २००५ साली सज्जाचा भाग कोसळला. २००६ च्या जागतिक संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ साली इमारत रिकामी केली. त्याच वर्षी आयआयटीच्या अहवालाने ती पाडावी असं सुचवलं. संवर्धनवाल्यांनी ते नाकारलं.

गंमत अशी की तिन्हींत सगळ्यात कमी बदललेलं हॉटेल हेच. ताजने सामान बदललं, प्रवेश बदलला, शेजारी मनोरा उभा केला. सेंट पँक्रसने खोल्या मागे हलवल्या. वॉटसनचा ऑर्डिशने ओतवलेला लोखंडी सांगाडा मात्र दीडशे वर्षं जागचा हललेला नाही. त्याच ऑर्डिशच्या हातच्या लंडनमधल्या छताखालून २००७ पासून पॅरिसच्या गाड्या सुटतात.

मी वॉटसनच्या चारी बाजूंनी हिंडून, सवयीने, मनातल्या मनात अंदाजपत्रक करून पाहिलंय. स्कॉटच्या हॉटेलला जे जमत नव्हतं ते इथे जमण्याजोगं आहे. ही चौकटीची इमारत. भार लोखंडी खांब आणि तुळया घेतात, मधल्या विटांच्या भिंती नुसत्या भरलेल्या आहेत. त्या काढता येतात, सरकवता येतात, त्यांच्यामधून उभे पाइप खालपासून वरपर्यंत नेता येतात आणि लोखंडाला कुठेही भोक पाडावं लागत नाही. आधी गंज खरवडून प्रत्येक सांधा तपासावा लागेल, तो खर्च मोठा आहे. पण न्हाणीघरं काढायला तिन्ही हॉटेलांत सगळ्यात सोपी इमारत हीच.